खांद्याला आधी कळतं

बार उडालाच नाही. नुसतं 'टक्' असं वाजलं. आणि तरीही रायफलची नळी एकदम खाली झुकली, धरणाऱ्याचा उजवा खांदा पुढे सरसावला, मान आखडली, डोळे गच्च मिटले. सहा फुटी, रोज पहाटे व्यायामशाळेत जाणारा, दंडांनी शर्टाच्या बाह्या ताणणारा हा माणूस, आणि न झालेल्या धमाक्याला त्याचं सगळं अंग असं दचकलं. पॉनीच्या गवताळ माळावर त्या वेळी आम्ही मोजकीच माणसं होतो, पण अख्ख्या कोलोरॅडोने पाहिलं असावं असा त्याचा चेहरा झाला. कानावरचे मफ मानेवर ओढून तो थोडा वेळ रायफलकडेच बघत राहिला. मग मागे वळून सासऱ्यांना म्हणाला, "तुम्ही मुद्दाम केलंत." सासरेबुवा हसले नाहीत. "हो, मुद्दाम," एवढंच म्हणाले.

हे सासरेबुवा म्हणजे आमचे शेजारी. सत्तरी ओलांडलेले, गुडघे कुरकुरणारे, पण ऑक्टोबर आला की घरात पाय न ठरणारे. काडतुसं भरून देण्याचं काम त्या दिवशी त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि खऱ्या काडतुसांच्या मध्ये गुपचूप एक डमी, म्हणजे न फुटणारं खोटं काडतूस, सारून दिलं होतं. इथल्या नेमबाजीच्या उस्तादांची ही जुनीच रीत. खरं काडतूस फुटतं तेव्हा धूर, आवाज, उसळी या गोंधळात काही दिसत नाही. डमी आलं की माणूस उघडा पडतो. जावईबापूंची नवी कोरी रायफल, .३०० विंचेस्टर मॅग्नम या दांडग्या काडतुसाची, कार्बन फायबर गुंडाळलेली नळी, दुर्बिणीसकट जेमतेम ३.१ किलो. सकाळपासून त्याच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली आणि डावीकडे जात होत्या. दुर्बीण बिघडली, वारा आहे, गोळ्या या रायफलला मानवत नाहीत, अशी सगळी निदानं करून झाली होती. त्या एका 'टक्'ने खरं निदान झालं.

मी काही नेमबाज नाही. थर्मासमधला चहा सांभाळायला आणि माळावरची हवा खायला गेले होते. पण ती नसलेल्या धक्क्याला दचकलेली पाठ माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. भांडी घासताना, मीटिंगमध्ये कुणी बोलत असताना, मध्येच ती दिसायची. त्याच्या फजितीचं मला काही वाटलं नव्हतं, फजिती कुणाची होत नाही? वाटलं ते याचं की, त्याच्या मनाला काही ठाऊकच नव्हतं. तो शपथेवर सांगत होता की मी अजिबात घाबरत नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता. भीती त्याला वाटतच नव्हती. ती त्याच्या खांद्याला वाटत होती.

बंदुकीचा धक्का मला लहानपणापासून माहीत आहे, तो दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिलेला. सावंतवाडीजवळच्या आमच्या आजोळी ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि नेमके तेव्हाच रानडुक्कर भातात घुसायचे, असं आजोबा म्हणायचे. बंदूक चांगली जाडजूड, माझ्या उंचीपेक्षा लांब, दस्त्याला तेल आणि घामाचा मिळून एक वास. दारू ओतायची, गज घालून ठासायची, आणि मग "चेडवा, कान झाक!" मी कान झाकायची पण डोळे उघडे ठेवायची. आधी आवाज, मग पांढऱ्या धुराचा लोट, मग अंगणभर दिवाळीचा वास. आजोबा मात्र जागचे फारसे हलत नसत. वारा लागल्यासारखे जरासे मागे झुकत आणि पुन्हा सरळ होत. मामाला त्यांनी शिकवताना ऐकलेलं एक वाक्य अजून कानात आहे: "खांद्याक घट्ट लाव. पोकळ धरलंस तर बंदूक मारतली." मामाने पोकळ धरली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर अंघोळीला उघडा बसला तेव्हा त्याच्या खांद्यावर करवंदाच्या रंगाचा डाग होता आणि तो आम्हा पोरांपासून टॉवेलने लपवत होता.

आजोबांच्या त्या वाक्यात जे होतं ते मला कोलोरॅडोत आल्यावर, आकड्यांसकट समजलं. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे जाते; रिकामी डोंगी सपकन जाते, माल भरलेलं गलबत हलल्याचं कळतसुद्धा नाही. इथे उडी मारणारी असते गोळी. जावईबापूंच्या काडतुसातली साडेअकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. पण ती एकटी नसते. तिच्या मागून चार-साडेचार ग्रॅम दारूचा वायू नळीच्या तोंडातून गोळीपेक्षाही वेगाने बाहेर पडतो, आणि एकूण धक्क्यातला जवळजवळ एक तृतीयांश वाटा या वायूचाच असतो. हे मला फार नवल वाटलं होतं. आपण गोळीचाच विचार करतो. जे दिसत नाही, ज्याला वजन असेल असं वाटतही नाही, ते खांद्यावर एवढं येऊन आदळतं. आता हे सगळं परत येतं ते रायफलच्या वजनाने भागून. रायफल दुप्पट जड केली की मागे येण्याचा तिचा वेग निम्मा होतो आणि खांद्यात ओतली जाणारी ऊर्जाही निम्मी. तिचं वजन निम्मं केलं की उलट. दस्ता आणि खांदा यांच्यात बोटभर पोकळी राहिली तर रायफल तेवढ्यात पूर्ण वेग घेते आणि मग येऊन आदळते. घट्ट लावली की शरीराचं वजन तिच्यात मिळतं.

जावयाच्या ३.१ किलोच्या रायफलचा धक्का साधारण ४२ ज्यूल भरतो. सासऱ्यांची रायफल .३०-०६ काडतुसाची. नावातच जन्मसाल आहे, १९०६. अक्रोडाचा दस्ता, जाड नळी, सगळं मिळून चार किलो. तिचा धक्का २५ ज्यूलच्या आसपास. हा हिशेब मी एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर केला आणि मग कुतूहल म्हणून उलटा करून पाहिला: .३०० मॅग्नमला सासऱ्यांच्या रायफलइतकं सौम्य करायचं तर तिचं वजन किती हवं? उत्तर आलं सव्वापाच किलोच्या आसपास. तेवढं ओझं पाठीवर घेऊन डोंगर चढून दाखव, म्हणजे मग ती तुझ्या खांद्याला मायेने वागवील.

आणि डोंगर चढणं हा इथला निम्म्याहून जास्त खेळ आहे. पूड्र नदीच्या घळीतून वर कॅमेरॉन पास ओलांडायचा आणि वॉल्डेनच्या बाजूला उतरायचं. खिंडच ३,१०० मीटरवर. पहाटे गाडीतून बाहेर पडलं की नाकातला ओलावा गोठतो, सेजच्या झुडपांचा कडवट वास येतो आणि पहिल्या शंभर पावलांतच आपल्या फुप्फुसांची लायकी कळते. सासरेबुवांबरोबर मी नुसतीच चालायला गेले होते, अंगावर नियमाप्रमाणे भडक केशरी जाकीट, पाठीवर पाणी आणि खाऊ. वाटेत ते लघवीला गेले तेव्हा त्यांची रायफल मी धरली. चार किलो म्हणजे काय, बाजारातून येताना एका हातात बटाटे-कांदे याहून जास्त असतात. पण रायफल पिशवीसारखी लोंबकळत नाही. ती खांद्यावरून घसरते, तिचा पट्टा गळ्याच्या हाडात रुततो, नळी लॉजपोल पाइनच्या वाळक्या फांद्यांत अडकते, आणि पडलेल्या ओंडक्यावरून पाय टाकताना ती नेमकी आपल्याला नको त्या बाजूला झुकते. धक्का एका क्षणात येतो आणि संपतो. हे ओझं मात्र पहाटेपासून अंधार पडेपर्यंत थोडं थोडं वसूल होत राहतं, आणि बहुतेक दिवशी तर बार उडतच नाही.

त्यामुळे जावईबापूंना हसणं मला कधी जमलं नाही. आदल्या हंगामात तो जड रायफल घेऊन गेला होता आणि डोंगराच्या एका सोंडेच्या अर्ध्यावरून परतला होता. वरच्या कुरणात एल्क, म्हणजे इथली थोराड हरणं, होते हे त्याला दुर्बिणीतून दिसत होतं तरी. त्या अर्ध्या चढणीचं दुःख त्याने वर्षभर उगाळलं आणि मग डबल शिफ्टा करून हलकी रायफल घेतली. दुकानात या रायफली ग्रॅमवर विकल्या जातात. बोल्टमध्ये खाचा पाडून एवढे ग्रॅम वाचवले, टायटॅनियमने तेवढे. मग त्याच हलक्या रायफलवर लोक पाऊण किलोची लांब पल्ल्याची दुर्बीण बसवतात, नळीखाली टेकायला दुपाई लावतात, पुढे धक्का कमी करणारा ब्रेक लावतात, आणि वाचवलेलं वजन पुन्हा हप्त्याहप्त्याने अंगावर घेतात. सोनं मोडून पितळ करायचं आणि वर घडणावळ द्यायची, तसलाच प्रकार.

जड रायफलचा दुसरा गुण धक्क्याशी संबंधितच नाही, तो स्थिरतेचा. आपल्याकडे तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला आहे. २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या प्रकारात रायफल आठ किलोपर्यंत असू शकते, आणि काडतूस असतं .२२ चं, ज्याचा धक्का लहान मुलालाही झेपेल. मग एवढं वजन कशाला? कारण माणूस हलतो. हृदय ठोका देतं, छाती भरते, स्नायू थरथरतात. हलक्या रायफलला हे सगळं ऐकू येतं आणि ती ते इमानेइतबारे नळीच्या टोकाशी पोहोचवते. जड रायफल तेवढी हळवी नसते. ३,००० मीटरवर धापा टाकत आडवं पडून ४०० यार्डांवरच्या जनावरावर हलकी रायफल रोखली की दुर्बिणीतली फुली जनावराच्या खांद्यावरून पोटावर, पोटावरून पाठीमागच्या झाडावर फिरत राहते. मी नुसत्या दुर्बिणीतून पाहिलं आहे. माझ्याच श्वासाने सगळा डोंगर वरखाली होत होता.

पण हलक्या रायफलच्या बाजूने मोठा साक्षीदार काढायचा तर तो आपल्याच देशातला निघतो. १९३० मध्ये कुमाऊंत चौगढची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेटला अगदी समोरासमोर भेटली तेव्हा त्याच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती आणि रायफल एकट्या उजव्या हातात. वाघीण बघत असताना त्याने ती इंचाइंचाने, एका हाताने फिरवली आणि चाप ओढला. आपण वाचलो त्याची जी कारणं त्याने नंतर मांडली, त्यांत हातातली रायफल हलकी होती हे एक. जड दुनळी असती तर ती एका हाताने फिरली नसती. मात्र ही हलकी रायफल होती .२७५ रिग्बी, म्हणजे सात मिलिमीटरचं सौम्य काडतूस. हलकी आणि दांडगी असं ते लग्न नव्हतं. हे आपले हलक्या रायफलचे भक्त सोयीस्करपणे विसरतात.

तिसरा उपाय म्हणून लोक मझल ब्रेककडे धावतात. नळीच्या तोंडावर बसवायची बोटभर नळकांडी, तिला बाजूंना खिडक्या. पुढे जाणारा वायू या खिडक्यांतून बाजूला आणि थोडा मागे वळवला की धक्क्यातला वायूचा वाटा कापला जातो. चांगला ब्रेक धक्का अर्ध्यावर आणू शकतो. अर्थात वळवलेला वायू आवाजही बरोबर घेऊन येतो, आणि तो येतो शेजारच्याच्या कानात. जावयाने ब्रेक लावून पहिला बार काढला तेव्हा मी त्याच्या उजव्या बाजूला, बऱ्यापैकी अंतरावर होते, कानात बोळे आणि वरून मफ. तरीही छातीत काहीतरी सणकन बसलं, थर्मासच्या झाकणातला चहा थरथरला, दोन्ही बाजूंची धूळ उठली आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने आपली चटई उचलून लांब नेली. मारणाऱ्याचा खांदा वाचला, भुर्दंड आजूबाजूच्यांना. डोंगरात कान झाकून कुणी चालत नाही. तिथे बिनबोळ्याच्या कानाजवळ असला एक बार कायमचं नुकसान करून जाऊ शकतो. सासरेबुवांचा डावा कान अशाच कुणाच्या तरी ब्रेकने अधू केला आहे, म्हणून त्यांच्याशी उजव्या बाजूनेच बोलायचं असतं.

सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचं आवाज दाबणारं नळकांडं, हा त्यातला सभ्य मार्ग. आवाजही कमी, धक्काही कमी. त्यावर १९३४ मध्ये २०० डॉलरचा कर बसला. त्या काळी ती किंमत रायफलपेक्षा जास्त होती. पण तोही नळीच्या टोकाला चार-पाचशे ग्रॅम आणि वीतभर लांबी टांगतो. ज्या टोकाला वजन सगळ्यात जड लागतं, नेमकं तिथे.

दस्त्याच्या आकारावर सासरेबुवा तासभर बोलू शकतात आणि मी त्यातलं निम्मंच इथे सांगते. दस्त्याची टाच नळीच्या रेषेपेक्षा फार खाली असेल तर रायफल सरळ मागे येत नाही, उसळून वर वळते आणि गालफडावर थप्पड देते. सरळ दस्ता खांद्यात ढकलतो, पण गालाला सोडतो. रबराची गादी धक्का कमी करत नाही, तो थोडा जास्त वेळात वाटून देते. शरीराला तेवढंही पुरतं. उभ्याने मारलं तर पाठ-कंबर मिळून धक्का पिऊन टाकतात, जसे आजोबा मागे झुकून सरळ होत. आडवं पडून मारलं तर अंगाला मागे जायला जागाच नसते, सगळा हिशेब गळ्याच्या हाडाशी चुकता होतो. आणि लांब पल्ल्याचे बहुतेक बार आडवे पडूनच मारले जातात. इथल्या बऱ्याच शिकाऱ्यांच्या उजव्या भुवईवर एक बारीक अर्धचंद्र असतो, दुर्बिणीच्या कडेने उमटवलेला. विचारलं तर ते भलतीच गोष्ट सांगतात.

या सगळ्या चर्चेत मला एक गोष्ट हळूहळू खटकायला लागली. वजन वाढवावं की कमी करावं, ब्रेक की सप्रेसर, गादी कुठली, यावर हे लोक रात्र रात्र वाद घालतात. काडतूस लहान घेऊ या, असं मात्र कुणी म्हणत नाही. ते जणू देवाने ठरवून दिलेलं आहे. .३०० मॅग्नम १९६३ मध्ये आली. तिच्या आधी आणि नंतर आणखी दांडग्या आल्या. कशासाठी? गोळी सपाट जावी, लांबवर जोर राहावा म्हणून. ठीक. पण दोन्ही रायफली २०० यार्डांवर बरोबर मध्यावर लागतील अशा जुळवल्या तर ४०० यार्डांवर सासऱ्यांच्या .३०-०६ ची गोळी जावयाच्या गोळीपेक्षा किती खाली लागते? साधारण चार इंच. माझ्या पंजाएवढं अंतर. नर एल्क तीनशे किलोंच्या घरातला, त्याच्या फुप्फुसांचा पट्टा ताटाहून मोठा. त्या चार इंचांसाठी ४२ ज्यूल खांद्यात घ्यायचे, आणि मग ते सोसत नाहीत म्हणून डोळे मिटून गोळी दोन फूट बाजूला मारायची!

कारण धक्का नेम फारसा बिघडवत नाही. गोळी नळीतून सुटते तोवर रायफल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेली असते. खांद्यावर जे आदळतं ते गोळी गेल्यानंतर. नेम बिघडतो तो त्याच्या आधी, चाप ओढण्याच्या ऐन क्षणी, जेव्हा खांदा आपलं आपण ठरवून मोकळा होतो.

आणि त्याची किंमत कागदी लक्ष्य देत नाही. कागदावर खाली-डावीकडे गेलेली गोळी म्हणजे डोंगरात पोटात गोळी बसलेला, रात्रभर बर्फात चालत राहिलेला एल्क. लांबून मारण्याचं वेड वाढलंय तसं हे जास्त होतं असं सासरेबुवांना वाटतं. ५०० यार्डांवर पोहोचायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. दहा मैल वेगाचा आडवा वारा तिला दीड फुटाच्या आसपास ढकलतो. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये काढलेल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबच्या मंडळींनीही लांबून मारण्याच्या या हौशीवर नाराजी नोंदवलेली आहे: जनावराला आपली चाहूल लागण्याचीच शक्यता नसेल, तर ती शिकार कसली. मी शिकार न करणारी, त्यामुळे माझा अधिकार कमीच. तरी मला त्यांचं पटतं. मांस खाणाऱ्या बाईने शिकाऱ्याला नाक मुरडू नये हेही पटतं. दोन्ही एकदम पटतं आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

लेकीने शिकारशिक्षणाचा वर्ग पूर्ण केला तेव्हा हा प्रश्न आमच्याच उंबऱ्यात आला. तिच्या बाबाने आकाशपाताळ एक केलं, मग नेहमीप्रमाणे नमला. दुकानात काउंटरवरच्या तरुणाने तिच्याकडे पाहिलं, तिची उंची डोळ्यांनी मोजली आणि सगळ्यात हलकी रायफल पुढे केली. "मुलींसाठी बरी. अडीच किलोच आहे." काडतूस .३०८. म्हणजे सगळ्यात लहान खांद्याला सगळ्यात जास्त मार बसेल अशी व्यवस्था, आणि तीही काळजीपोटी. बायकापोरांना हलकं द्यावं, हा जगभरचा दयाळूपणा आहे. सासरेबुवा बरोबर होते म्हणून बरं. त्यांनी ती रायफल न बोलता परत ठेवली आणि .३०८ ऐवजी ६.५ क्रीडमूरची, साडेतीन किलोंहून थोडी जास्त, लाकडी दस्त्याची एक जुनी रायफल मागितली. दस्ता आखूड कापून घेतला, तिच्या कोपरापासून बोटापर्यंतच्या मापाने. त्या अडीच किलोच्या .३०८ चा धक्का २८ ज्यूल झाला असता, हिचा सोळा-सतरा. लेकीने पहिला बार काढला आणि मागे बघून विचारलं, "एवढंच?" मला त्या शब्दाने एवढं हलकं वाटलं की मी उगाचच तिच्यावर ओरडले, नळी खाली कर म्हणून. नळी खालीच होती.

जावईबापूंनी रायफल विकली नाही. माझ्या सगळ्या हिशेबांवर पाणी. त्याने ब्रेक ठेवला, उन्हाळाभर सासऱ्यांच्या .२२ ने माळावर डबे उडवले, दस्त्याच्या पोकळीत कापडात गुंडाळून शिशाचे छर्रे भरले. वाचवलेल्या ग्रॅमांपैकी बरेच त्याने असे स्वतःच्या हाताने परत केले. ऑक्टोबरच्या हंगामात वरच्या कुरणात, जिथून आधी परतला होता त्याच्याही पलीकडे, त्याला एल्क मिळाला. किती लांबून? सव्वाशे यार्ड. एवढ्या दांडग्या रायफलला तेवढं अंतर म्हणजे अंगणातलं. धक्का आठवतो का, मी विचारलं. नाही म्हणाला, आवाजही नाही. सगळे असंच सांगतात. समोर जनावर असलं की धक्का लागत नाही. त्याला आठवत होतं ते पुढचं. तुकडे करून पस्तीस-पस्तीस किलोंची ओझी पाठीवरून उतरवायची, पुन्हा वर जायचं, पुन्हा उतरायचं. पहिल्या खेपेनंतर रायफल त्याने गाडीतच ठेवली.

सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये मांस टांगलं होतं तेव्हा मी डबा घेऊन गेले. ते खांद्याचा भाग साफ करत होते आणि पुटपुटत होते. जवळून घुसलेल्या वेगवान गोळीने पुढचा खांदा दोन वीत रक्ताळून जांभळाकाळा झाला होता, सगळा कापून टाकावा लागला. "तीस-शून्य-सहाने एवढं नासलं नसतं," ते म्हणाले, जावयाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. जावई दारात उभा राहून सुऱ्या धुत होता. "मग पुढच्या वर्षी तुम्ही चढा वर," तो म्हणाला. दोघांचं तिथून जे जुंपलं त्यात मला मागच्या मांडीचा चांगला दोन किलोंचा तुकडा मिळाला. एल्कचं मांस कोरडं, चरबी नावालाच. रात्रभर दह्यात ठेवलं, मालवणी मसाला जरा सढळ हाताने घातला, आणि कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या हे विचारायला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने आधी विचारलं, "कसलं मटण?" मग म्हणाली, "डुकराक देतस तितक्योच दी."